मालक गैरहजर

सप्टेंबर आला की लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर नोटीस चिकटते. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार, सकाळी अकरा. विषय नेहमीचे: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च मंजूर करणे, लेखापरीक्षक नेमणे, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. शेवटची ओळही ठरलेली. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. सहकार कायद्याने 30 सप्टेंबरची मुदत घातली आहे, म्हणून सभा होते. सभासद येतातच असं नाही. इथले बरेचसे बंगले आणि फ्लॅट दुसरं घर म्हणून घेतलेले. मालक मुंबईत नाहीतर पुण्यात, एखादा परदेशात. इथे असतात ते वॉचमन, माळी आणि शुक्रवारी येऊन घर झाडून ठेवणाऱ्या गावातल्या बाया. अकराला चार डोकी जमतात, साडेअकराला तीच चार डोकी कायद्याने सर्वसाधारण सभा होतात आणि पाण्याच्या टँकरपासून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपर्यंत सगळं सर्वानुमते मंजूर होतं.

यात लबाडी असतेच असं मला म्हणायचं नाही. उलट, ज्या सोसायटीचा सेक्रेटरी वर्षानुवर्षं फुकट राबतो ती सोसायटी नशीबवान. पण मालक गैरहजर, मालमत्ता मोठी आणि निर्णय घेणारे मोजके, ही मांडणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण तुंगार्लीतून कुठल्याही दिशेला निघालं तरी हीच मांडणी मोठ्या प्रमाणावर पुन्हा भेटते. राजमाचीची वाट जिथून सुटते त्या चढावरून खाली वळवणचा तलाव दिसतो. तो एका कंपनीचा आहे, आणि कंपनीचे मालक म्हणजे देशभर विखुरलेले भागधारक. पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर कार्ल्याच्या डोंगरात एकवीरा आई आहे. तिच्या नावावर दागिने आहेत, दानपेटी आहे, बँकेत खाती आहेत, आणि मालकीण स्वतः बोलत नाही. एकाचा कारभार संचालक मंडळ बघतं, दुसरीचा विश्वस्त मंडळ. एकाला नफा करायचा असतो, दुसऱ्याला पूजा-अर्चा चालवायची असते, म्हणून आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. मावळातून पाहिलं तर त्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत.

शेजार नवा नाही. कार्ल्याचं चैत्यगृह मुळात देणग्यांतून उभं राहिलं आहे आणि ते देणाऱ्यांनी भिंतींवर, खांबांवर कोरून ठेवलं आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे व्यापारी, त्यांतले काही यवन, अशी नावं तिथे वाचता येतात. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलुरक इथल्या, म्हणजे याच डोंगरातल्या, भिक्षूंसाठी करजिक नावाचं गाव दिलं. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हुसकलं, तेव्हा त्या गावाबद्दल नवी आज्ञा निघाली. ती मामालच्या अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ. गाव महासांघिक भिक्षूंच्या निर्वाहाला द्यावं, त्यात राजाच्या माणसांनी शिरू नये, ढवळाढवळ करू नये, मिठासाठी जमीन खणू नये. राज्य पालटलं, देणगी टिकली, आणि टिकल्याचा पुरावा डोंगरात राहिला.

याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यातला लेख मला त्याहून बोलका वाटतो. तीन हजार कार्षापण त्याने कायमची ठेव म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचं वस्त्र. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि नोंदलं गेलं, असंही लेखात आहे. धर्मसंस्थेचा पैसा धंदेवाईक मंडळींच्या ताब्यात, त्यांच्यावर नगराच्या सभेची नजर, आणि अटी अशा जागी कोरलेल्या की वाचता येणारा कुणीही बोट ठेवू शकेल. श्रेणीने एखाद्या वर्षी व्याज चुकवलं असेल का, कोण जाणे. पण विचारायला आधार होता.

आता वळवणकडे. बोरघाटाच्या माथ्यावर पाऊस धो-धो पडतो आणि एका बाजूला कोकणात सरळ उतार आहे. हे पाणी अडवून घाटाखाली सोडलं तर वीज होईल ही कल्पना मुंबईतले स्थापत्यकार डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी 1904 मध्ये गेले. कंपनी उभी राहिली ती त्यांच्या मुलांच्या काळात, नोव्हेंबर 1910 मध्ये: टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी. पुढच्याच फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाचा दगड बसवला. लोणावळा, वळवण आणि शिरवता असे तीन तलाव झाले आणि 1915 मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. त्या काळात एवढं भांडवल देशी संस्थानिक आणि व्यापाऱ्यांकडून उभं राहिलं, याचा अभिमान तेव्हाच्या लोकांना वाटला आणि तो रास्त होता. पाठोपाठ 1916 मध्ये आंध्र व्हॅली कंपनी आली, तिचा तलाव ठोकरवाडीला. 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी, मुळशीच्या धरणासाठी.

या कंपन्यांना संचालक मंडळं होती, सभा होत होत्या, ताळेबंद छापले जात होते. पण त्या काळची हिंदुस्थानी कंपनी आजच्यासारखी चालत नसे. मंडळाच्या आत किंवा वर, कसंही म्हणा, मॅनेजिंग एजंट बसलेले असत. कंपनी एका पेढीशी करार करी, पेढी कारभार पाही आणि मोबदल्यात कमिशन घेई. टाटांच्या कंपन्यांना टाटा सन्स, तशा इतरांना इतर पेढ्या. संचालक बदलले तरी एजंट बदलत नसे. 1936 च्या दुरुस्तीने या कराराला वीस वर्षांची मर्यादा घातली आणि 3 एप्रिल 1970 पासून ही पद्धतच कायद्याने बंद झाली. म्हणजे आपल्या उद्योगांच्या पहिल्या शंभर वर्षांत ‘कंपनी कोण चालवतं’ या प्रश्नाचं उत्तर संचालकांच्या यादीत सापडत नव्हतं. भागधारकाला वर्षातून एकदा प्रश्न विचारता येई, पण प्रश्न ज्याला विचारायचा तो बहुधा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नसेच.

भागधारकाला निदान एक सभा होती. मुळशीच्या शेतकऱ्याला तीही नव्हती. कंपनीसाठी जमीन घेण्याची तरतूद 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या सातव्या भागात होती. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री पटली की सरकार आणि कंपनी यांच्यात करार व्हायचा आणि सरकार जमीन ताब्यात घेऊन कंपनीला द्यायचं. करारावर सह्या दोनच. ज्याच्या भाताच्या खाचरावर पाणी येणार तो कराराचा पक्षच नव्हता. तो होता मोबदल्याचा अर्जदार. तोही सगळ्या ठिकाणी नाही, कारण अनेक जमिनींच्या कागदांवर पुण्याच्या सावकारांची नावं होती आणि कसणारा मावळा कूळ.

16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. मावळे बायका-मुलांसह बांधकामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे संघटनेत होते आणि पांडुरंग महादेव बापटांना याच लढ्याने ‘सेनापती’ केलं. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त टाटांना विनवलं की कायदेशीर हक्काच्या जोरावर उभं राहण्याऐवजी लोकांशी बोला, त्यांच्या सल्ल्याने काय ते करा. काम काही महिने थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. पुण्याच्या पुढाऱ्यांत फूट पडली. धरणच नको म्हणणारे एकीकडे, मोबदला वाढवून घ्या म्हणणारे दुसरीकडे, आणि सावकारी हितसंबंध कुठल्या बाजूला झुकले ते सांगायला नको. तीन वर्षांत लढा विझत गेला. अखेरीस डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी कामावर जाणारी गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली. पन्नासच्या आसपास गावांना झळ बसली आणि 1927 मध्ये भिऱ्याच्या वीजघराने वीज दिली.

हा इतिहास सांगताना टाटा वाईट की चांगले असा वाद नेहमी निघतो आणि तो मला फारसा कामाचा वाटत नाही. मुंबईच्या दिवाणखान्यात बसलेल्या त्या संचालकांनी आपलं कर्तव्य त्या काळच्या कायद्याप्रमाणे चोख केलं असणार. भागधारकांचा पैसा लागला होता, बांधकाम रखडत होतं. ते ज्यांना जबाबदार होते त्यांना त्यांनी जबाबदारीने वागवलं. मुळशीची गावं त्या यादीत नव्हती, एवढंच. मंडळ किती सज्जनांचं आहे यापेक्षा त्याला जाब विचारणारा कोण आणि तो कुठे राहतो, हे आधी पाहावं असं मला या प्रकरणापासून वाटत आलं आहे.

मावळात त्याच काळी याच्या अगदी उलट प्रयोगही झाला होता. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामागे एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि 1908 मध्ये जपानात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली कारखाना सुरू झाला. इथे भांडवल देणारे हजारो, प्रत्येकाचा वाटा एक पैसा, आणि लाभांशाची अपेक्षा कुणालाच नाही. म्हणायला मालक सगळा महाराष्ट्र. असा मालक प्रेमाने आठवण काढतो, पण हिशेब मागायला तळेगावला येत नाही.

स्वातंत्र्यानंतर कंपनी कायदा जाडजूड होत गेला. आजच्या 2013 च्या कायद्यात पब्लिक कंपनीला किमान तीन संचालक लागतात, ठराव न करता पंधराच्या वर नेमता येत नाहीत, वर्षाला चार बैठका घ्याव्या लागतात आणि दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एकतृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत, निदान एक स्त्री हवी, आणि स्वतंत्र संचालकाला सलग दोन मुदतींपलीकडे राहता येत नाही. सत्यम या संगणक कंपनीचं मंडळ नामवंतांनी भरलेलं असूनही जानेवारी 2009 मध्ये तिथल्या हिशेबातला घोटाळा बाहेर आला हे आठवलं, की एवढ्या कलमांची गरज पटते आणि त्यांची मर्यादाही. स्वतंत्र संचालकाला नेमतं कोण? बहुधा ज्याच्यापासून त्याने स्वतंत्र राहायचं तोच. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. एक शेअर घेतलेला माणूससुद्धा सर्वसाधारण सभेत उभा राहून अध्यक्षाला अडचणीत आणणारा प्रश्न विचारू शकतो, आणि साध्या बहुमताच्या ठरावाने संचालकाला घरी पाठवता येतं.

एकवीरेच्या पायऱ्या चढताना हे सगळं दूरचं वाटतं. दोन्ही बाजूंना हार-नारळाची, पेढ्यांची, खेळण्यांची दुकानं, वर कोंबडे-बकऱ्यांचे नवस, चैत्रात पालखीला कोळीवाड्यांतून आणि आगरी गावांतून आलेली झुंबड, ब्रास बँड. आगरी-कोळी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि आणखी कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी. ठाकरे कुटुंबाचीही. देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी, म्हणजे गुहा पुरातत्त्व खात्याची आणि देवी ट्रस्टची. खाली वेहेरगाव. देवीचे भक्त मुख्यतः मुंबई, ठाणे, रायगडचे. देवीचे शेजारी वेहेरगावचे. ठाण्याचे माजी महापौर अनंत तरे बरीच वर्षं ट्रस्टचे अध्यक्ष होते. विश्वस्त कुणी व्हावं, गावाचे किती, बाहेरचे किती, यावरून इथे वाद झाले आणि ते कोर्टापर्यंत गेले. ऑक्टोबर 2017 मध्ये मंदिराचा कळसच चोरीला गेला, तेव्हा राज्यभर बातमी झाली. कळस चोरीला गेला तर फिर्याद द्यायला ट्रस्ट असतो. ट्रस्टच्या कारभाराबद्दल फिर्याद असेल तर?

त्याचं उत्तर 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात आहे. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं आहे. या कायद्याने धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण केलं. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टची नोंद, विश्वस्तांची नावं आणि मिळकतीची यादी आयुक्तांच्या दफ्तरी, जिला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात. विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यायचा. लेखापरीक्षण करून हिशेब सादर करायचे. जमीन विकायची तर आधी परवानगी. गैरवर्तन सिद्ध झालं तर 41-ड कलमाखाली विश्वस्ताला काढता येतं आणि 50-अ खाली संस्थेच्या कारभाराची योजनाच नव्याने आखून देता येते. सरकारने किती खोल हात घालावा याची कुंपणंही लवकरच पडली. 1954 मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा राखला, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. देवाचा पैसा नीट खर्च होतो की नाही हे सरकारने पाहावं, देवाच्या गादीवर बसू नये.

प्रत्यक्षात या कायद्याची चाल बैलगाडीची आहे. बदल अर्जावर हरकत आली की तो वर्षानुवर्षं पडून राहतो. तोवर शेड्यूल वनवर जुनीच नावं, त्यांतली काही दिवंगतांची. बँक सही बदलायला शेड्यूल वनची प्रत मागते. मग कधी दोन गट, दोन्हीकडे आपापली निवडणूक, दोन्हीकडे शिक्के, आणि दानपेटी कुणाच्या समक्ष उघडायची यासाठी पोलीस. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम देवस्थानाच्या गावात चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलं की यातला एखादा अंक ऐकायला मिळतो. ‘कमिटी’ हा शब्द तिथे ज्या सुरात उच्चारतात तो सूर कुठल्याही शब्दकोशात सापडायचा नाही.

विश्वस्त नेमायचे कुणी, याचं एकच उत्तर महाराष्ट्राला कधी सापडलेलं नाही. आळंदीत ज्ञानेश्वर महाराज संस्थान कमिटीचे विश्वस्त पुण्याचे जिल्हा न्यायाधीश नेमतात. इथे कोर्ट वादानंतर येत नाही, आधीच असतं. म्हणून कारभार राजकारणापासून थोडा दूर राहिला. पण नेमणुकीत स्थानिकांना डावललं म्हणून आळंदीकरांनी 2023 च्या डिसेंबरात बंदही पाळला. देहूत संस्थानचा कारभार तुकोबांच्या वंशजांकडे, मोऱ्यांकडे. शिर्डीसाठी 2004 चा आणि सिद्धिविनायकासाठी 1980 चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे मंडळ नेमणार राज्य सरकार. परिणाम असा की सरकार बदललं की मंडळही बदलावं अशी अपेक्षा सत्ताधाऱ्यांच्या कार्यकर्त्यांत उघडपणे बोलली जाते. आमदारकी हुकलेल्याची सोय लावायची ती एक जागा. सप्टेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिर्डीच्या अशा नेमणुका रद्दच केल्या. मुंबईच्या पारशी पंचायतीने चौथी वाट धरली. 2008 पासून तिथले विश्वस्त समाजातल्या प्रौढांच्या थेट मतदानाने निवडले जातात. भांडणं थांबली का? नाही. पण ती मतपत्रिकेवर येऊन ठेपतात.

जेजुरीचं 2023 चं प्रकरण या सगळ्याची गाठ आहे. मार्तंड देवसंस्थानच्या सात विश्वस्तांची निवड जाहीर झाली आणि त्यांत बहुतेक जेजुरीबाहेरचे निघाले. गाव उठलं, उपोषणं झाली, रस्ता अडला. खंडोबा साऱ्या महाराष्ट्राचा हे खरं, पण सोमवती अमावास्येला पालखी उचलणारे खांदे, यात्रेची घाण, बंद पडलेले नळ आणि वाहनांची कोंडी जेजुरीची. शेवटी विश्वस्तांची संख्या सातवरून अकरा करून गावाला जागा मिळाली. मला हा तोडगा पटतो, पण त्यावरून ‘स्थानिक म्हणजे चांगलं’ असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. पंढरपूरचे बडवे आणि उत्पात स्थानिकच होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्या वागणुकीच्या तक्रारींमुळे नाडकर्णी आयोग बसला, 1973 चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला, 1985 मध्ये शासनाने ताबा घेतला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शिक्का मारला. कायदा होऊन चार दशकं उलटली होती. या काळात विठ्ठलाची बाजू कोर्टात कोण मांडत होतं? कागदोपत्री प्रत्येकजण.

हा विनोद नाही. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक खटल्यात मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे असं मानलं. त्याआधी 1896 मध्ये लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने सालोमनच्या खटल्यात कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ती ठरवली होती. अशा दोन व्यक्ती, दोघींच्या नावावर मिळकत, दोघींना दावा लावता येतो, दोघींच्या तोंडून दुसराच कुणीतरी बोलतो. फरक असा की कंपनीच्या मागे शेवटी भागधारक सापडतो. देवाच्या मागे भक्त असतो आणि तो दानपेटीत पैसे टाकताना पावतीही मागत नाही. मागायला संकोच वाटतो. देवाला दिलं, आता देव आणि कमिटी बघून घेतील. विश्वस्तांच्या बेफिकिरीला हा संकोच जितका उपयोगी पडतो तितकं कायद्यातलं कुठलंही भगदाड पडत नसेल.

या दोन जगांचे धागे कुठे एकत्र येतात हे पाहायचं तर पुन्हा वळवणच्या मालकांकडे वळावं लागतं. तिथल्या कंपन्या 2000 मध्ये टाटा पॉवरमध्ये विलीन झाल्या. टाटा पॉवरच्या वर टाटा सन्स आहे. टाटा सन्सच्या सुमारे 66 टक्के भांडवलाची मालकी टाटा कुटुंबाने स्थापलेल्या ट्रस्टांकडे आहे, त्यांत सर रतन टाटा ट्रस्ट आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट मोठे. आणि हे ट्रस्ट कुणाच्या देखरेखीखाली? महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांच्या. एकवीरेची दानपेटी आणि देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाची मालकी एकाच कायद्याखाली येतात. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापलेली कैवल्यधाम योगसंस्थाही धर्मादायच, पण ते तुलनेने निवांत घर.

टाटांचं घर निवांत राहिलं नाही. 24 ऑक्टोबर 2016 ला बॉम्बे हाऊसमध्ये टाटा सन्सच्या संचालक मंडळाच्या बैठकीत सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून दूर केलं गेलं. वाद कंपनी लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 26 मार्च 2021 च्या निकालात न्यायालयाने टाटा सन्सची बाजू उचलून धरली. सर्वसामान्य वाचकाने त्यात दोन घराण्यांचं भांडण पाहिलं. मुद्दा वेगळाच होता: कंपनीच्या मंडळाने शेवटी ऐकायचं कुणाचं, स्वतःच्या विचाराचं की वरच्या ट्रस्टांनी पाठवलेल्या संचालकांचं? कंपनीचा अध्यक्ष भागधारकांना उत्तर देतो, मोठा भागधारक ट्रस्ट असतो, ट्रस्टचे विश्वस्त कुणाच्याही मतावर निवडून आलेले नसतात, आणि त्यांच्यावर देखरेख आहे ती बदल अर्ज तपासणाऱ्या कचेरीची. ऑक्टोबर 2024 मध्ये रतन टाटा गेल्यावर नोएल टाटा ट्रस्टांचे अध्यक्ष झाले आणि साधारण वर्षभरात विश्वस्तांच्या मुदतवाढीवरून मतभेद जगजाहीर झाले. त्याच सुमारास, 2025 मध्ये, राज्य सरकारने सार्वजनिक विश्वस्त कायद्यात दुरुस्ती केली. ट्रस्टच्या मूळ दस्तऐवजात वेगळं काही नसेल तर तहहयात विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नयेत. खेड्यातल्या देवस्थानांत ‘मरेपर्यंत विश्वस्त’ असलेल्या काकांना लागू होणारी ही ओळ मुंबईच्या उद्योगपतींच्याही दारात गेली.

या कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे भक्तांचं लक्ष क्वचितच जातं. ‘हितसंबंधित व्यक्ती’ कोण याची व्याख्या तिथे दिली आहे. देवळाच्या बाबतीत जो तिथे दर्शनाला जाण्याचा हक्कदार आहे, किंवा नेहमी जातो, तो हितसंबंधित. जमीन नको, वंश नको, सभासदत्व नको. कुलाब्याची कोळीण, वेहेरगावचा दुकानदार, डोंबिवलीचा कारकून, कुणीही. असे दोघे मिळून आयुक्तांकडे योजनेसाठी अर्ज करू शकतात, परवानगी घेऊन दावाही लावू शकतात. अक्षरशः पाहिलं तर एकवीरेच्या भक्ताचा हक्क टाटा पॉवरच्या भागधारकापेक्षा रुंद आहे, कारण भागधारकाला आधी शेअर विकत घ्यावा लागतो. वापरणारे थोडे, ही गोष्ट वेगळी.

मुळशीच्या कुळाला असं कलम मिळालं नाही. आज कंपनी कायद्याच्या 166 व्या कलमात संचालकाने भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्याही हिताचा विचार करावा असं लिहिलं आहे. समाजाला मात्र सभेची नोटीस जात नाही. लोणावळ्याचा तलाव इंद्रायणीच्या उगमाकडचा. तिथलं पाणी डोंगरातून घाटाखाली खोपोलीला आणि पुढे पाताळगंगेला जातं, उरलेलं देहू-आळंदीकडे. पश्चिमेला वळवलेलं हे पाणी भीमेच्या खोऱ्यात राहावं अशी मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. ही मागणी कुणी, कुठल्या सभेत, कुठल्या नियमाने मांडायची हे ठरलेलं नाही. टाटांच्या भागधारकांत इंद्रायणीकाठचे किती, हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पावसाळ्यात तलाव भरला की विसर्गाचा इशारा निघतो, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, गुरं काठावर सोडू नयेत. कंपनी आणि खालच्या गावांमधला नियमित पत्रव्यवहार तो एवढाच.